हातगुण

हातगुण नावाची एक चीज असते. ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नाहीत, पदवीच्या कागदावर तिचा उल्लेख नसतो आणि औषधाच्या दुकानात ती विकतही मिळत नाही. तरीसुद्धा आमच्या मराठवाड्यात डॉक्टर निवडताना माणसे पहिल्यांदा तिचीच चौकशी करतात. पदव्यांची चौकशी मुलगी देताना करायची, औषध घेताना हातगुण बघायचा, अशी आमची साधी वाटणी आहे.

या हातगुणाचा विशेष असा, की तो आपल्या गावातल्या डॉक्टरच्या हाताला सहसा नसतो. नांदेडच्या माणसाला लातूरच्या डॉक्टरचा गुण येतो आणि लातूरकराला नांदेडच्या. सकाळी नांदेडहून निघालेली एस.टी. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाते; लातूरची गाडी तोच रस्ता उलटा कापीत नांदेडला येते. अहमदपूरच्या स्थानकावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या, की इकडचा मुरलेला खोकला तिकडच्या मुरलेल्या खोकल्याकडे खिडकीतून बघतो. पूर्वी तर दोघांच्याही पिशवीत एकेक रिकामी बाटली असायची.

ही रिकामी बाटली आता समजावून सांगायला हवी. एके काळी दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागे. डॉक्टर जीभ बघत, नाडी बघत, पाठीला नळी लावून ‘मोठा श्वास घ्या’ म्हणत आणि एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडून तो आतल्या खिडकीकडे सरकवीत. खिडकीपलीकडे कंपाउंडर. तो तीन-चार मोठ्या बरण्यांतून थोडे थोडे ओतून, वर पाणी घालून, आपल्या बाटलीत गुलाबी नाहीतर पिवळे मिक्श्चर तयार करी. मग कागदाची एक पट्टी दुमडून तिला कात्रीने खाचा पाडी आणि खळ लावून ती बाटलीला डकवी. एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या कुटून पुड्या बांधी. ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेवण झाल्यावर, तेलकट बंद,’ हा मंत्रही तोच म्हणे. डॉक्टरांशी आपली गाठ दोन मिनिटे पडे, कंपाउंडरशी दहा. आणि बरे वाटले की आपण सांगत सुटायचो, ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो!’

बाकावर शेजारी बसलेला उर्दू बोलणारा पेशंट हेच ‘डॉक्टरसाब के हाथ में शिफा है’ असे म्हणायचा. नांदेडात एरवी दोन भाषांत एखाद्या गोष्टीवर इतके एकमत क्वचितच होते. पण दोघांनाही एक साधा प्रश्न कधी पडला नाही. बाटलीला हात कुणाचा लागला होता?

हा प्रश्न मला पडला, कारण मी बँकेत होतो. बँकेतल्या माणसाला सही कुणाची आणि नोटा कुणी मोजल्या, हे दोन वेगळे प्रश्न असतात हे पहिल्या आठवड्यातच कळते. शिवाय आमच्या डॉक्टरांचे कंपाउंडर हे माझे संध्याकाळचे गप्पांचे ठिकाण होते. सगळे गाव त्यांना मामा म्हणे. खुद्द डॉक्टरही ‘मामा, दोन नंबर द्या यांना’ असेच म्हणत.

मामा मूळचे कंधार तालुक्यातले. मॅट्रिकला इंग्रजीत गचकले आणि १९६२ साली, सतराव्या वर्षी, दवाखान्यात झाडायला आणि पाणी भरायला लागले. डॉक्टरांच्या सायकलीत हवा भरणे हेही कामात होते. मग बाटल्या धुणे, मग बुचे बसवणे, मग पट्ट्या कातरणे, असे चढत चढत दोन वर्षांत ते खिडकीपर्यंत आले. तिथे त्यांना कळले की डॉक्टरांचे अक्षर जगात कुणालाच लागत नाही. डॉक्टरांनाही दुसऱ्या दिवशी लागत नाही. मामांनी ते लावले. ‘टी.डी.एस.’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘बी.डी.’ म्हणजे दोनदा, ‘एच.एस.’ म्हणजे झोपताना. ही अक्षरे लॅटिन आहेत. म्हणजे इंग्रजीत नापास झाला म्हणून ज्याला बोर्डाने घरी पाठवले, तो माणूस पुढची पस्तीस वर्षे रोज शंभर-दीडशे वेळा लॅटिन वाचत होता आणि त्याचे मराठवाडी बोलीत भाषांतर करून देत होता. एवढ्यावर विद्यापीठात लोक विभागप्रमुख होतात.

दवाखान्यातली तिसरी व्यक्ती म्हणजे मावशी. ती फरशी पुसायला आली आणि हळूहळू बाकावरची राणी झाली. नंबर लावणे तिच्याकडे. पण ती नंबर मानीतच नसे. पंधरावा आलेला पोर कसा श्वास घेतोय हे बघून ती त्याला सरळ आत ढकली आणि पहिल्या नंबरच्या व्यापाऱ्याने कुरकुर केली तर म्हणे, ‘तुमचं दुखणं जुनंय मालक, ते कुठं पळून जायलंय?’ न्याय म्हणजे रांग की न्याय म्हणजे गरज, यावर थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. मावशीने तो प्रश्न हातातल्या फडक्यानिशी रोज सोडवला.

आणखी एक काम मावशीकडे होते. सुया उकळण्याचे. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत. स्टोव्हवर भगोने, त्यात सिरिंजा, आणि मावशीची घड्याळावर नजर. डॉक्टरांसाठी साबण, पाणी आणि धुतलेला पंचाही तीच ठेवी. एखादे दिवशी घाईत डॉक्टर हात न धुता पुढच्या पेशंटकडे वळले, तर मावशी पंचा घेऊन मधे उभी राही. बोलत नसे, नुसती उभी राही.

ही गोष्ट साधी नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. शिकलेल्यांच्या विभागात बायका कितीतरी जास्त मरत. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते; त्या सुइणींच्या विभागात जागा मिळावी म्हणून गयावया करीत. सेमेलवाइसने कारण शोधले. डॉक्टर मंडळी प्रेतांची चिरफाड करून तशाच हातांनी बाळंतिणीकडे येत होती. त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. बड्या डॉक्टरांना ते आवडले नाही. आपल्या हाताला अवगुण आहे, हे कुठल्या मोठ्या माणसाला आवडते? त्याला नोकरी सोडावी लागली. तेव्हा हातगुणाचा निदान निम्मा भाग साबणात असतो, आणि आमच्या दवाखान्यात तो साबण मावशीच्या ताब्यात होता.

उरलेल्या निम्म्याचे वाटेकरीही थोडे नाहीत. साधा सर्दी-खोकला औषध घेतले काय, न घेतले काय, आठवडाभरात आवरतेच घेतो. मिक्श्चरमध्ये बरेचसे पाणीच असे. शिवाय विश्वास हे स्वतंत्र औषध आहे. हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५५ साली असे मांडले, की औषध म्हणून दिलेल्या नुसत्या पोकळ गोळीनेही पुष्कळ लोकांना बरे वाटते. आमच्या बाकावरच्या मंडळींना बीचरच्या आधीपासून हे माहीत होते. म्हणून तर ‘नुसत्या गोळ्या नगं, सुई द्या,’ असा आग्रह असे. त्यातही पंथ होते. एक पंथ म्हणे, सुई डॉक्टरांनीच टोचायची, नाहीतर गुण येत नाही. दुसरा पंथ डॉक्टरांच्या समोर बसून सांगे, ‘तुम्ही राहू द्या साहेब, मामांच्या हातची दुखत न्हाई.’ डॉक्टर बिचारे स्वतःच्याच दवाखान्यात पदच्युत होऊन खुर्चीत बसत.

मी मामांना छेडायचो, ‘मामा, औषध तुम्ही करता, समजावता तुम्ही. नाव मात्र डॉक्टरांचं. नांदेडात डॉक्टर लेन आहे. कंपाउंडर लेन कुठं आहे का?’

मामा नुसते हसत. कायदा मात्र हसत नाही. मार्च १९४८ मध्ये देशात फार्मसी कायदा झाला. (तेव्हा नांदेड भारतात नव्हते, ते निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ला मोकळे झाले. आमच्याकडे कायदा आधी आणि देश नंतर आला.) त्या कायद्याप्रमाणे औषध बनवून द्यायचा अधिकार नोंदणी झालेल्या फार्मासिस्टला. पण डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देत असेल तर त्याला मुभा आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेला खिडकीतले मामा दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो एकच हात, डॉक्टरांचा. मामा म्हणजे त्या हाताचे बोट. मला हा उघड अन्याय वाटे. बोटाला कंधार तालुक्यात घर आहे, बायको आहे, मुलगी शाळेत आहे, आणि कायदा म्हणतो तू बोट!

हे माझे तत्त्वज्ञान साधारण १९८०पर्यंत टिकले.

त्या साली एका गावाहून तापाचा एक पेशंट आला होता. पस्तिशीचा, घरचा कर्ता. डॉक्टरांनी तपासले, चिठोरा दिला, मामांनी बाटली भरली. त्या रात्री तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बाराजण ट्रॅक्टरमधून दवाखान्यात आले. एकाच्या हातात ती बाटली होती. एकच खाच रिकामी झालेली. आल्या आल्या त्याने खिडकीवर हात आपटला आणि विचारले, ‘ही बाटली कुणी भरली?’

मामा मला नंतर म्हणाले, ‘साहेब, तोंडातून आवाज फुटंना. भरली तर मीच होती.’

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी त्या माणसाच्या हातून बाटली घेतली आणि म्हणाले, ‘औषध मी दिलंय. काय बोलायचं ते मला बोला.’ मग ते त्यांच्याबरोबर बाकावर बसले. तासभर बसले. बाकीच्या पेशंटना मावशीने न सांगता परत पाठवले. लोक ओरडले, रडले, अखेरीस उठून गेले. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर डॉक्टरांनी मामांना एकदाच विचारले, ‘मामा, काय घातलं होतं?’ मामांनी तारेला टोचलेला चिठोरा काढून दाखवला, बरण्या दाखवल्या. सगळे बरोबर होते. दुखणेच औषधाच्या पलीकडचे होते. डॉक्टर ‘ठीक’ म्हणाले. त्यानंतर तो विषय दवाखान्यात पुन्हा निघाला नाही.

आता बघा. ‘औषध मी दिलंय’ हे वाक्य हातांच्या हिशेबाने खोटे होते. डॉक्टरांनी बाटलीला बोटसुद्धा लावले नव्हते. आणि तरी ते त्या दवाखान्यात बोलले गेलेले सगळ्यात खरे वाक्य होते. ज्या कायद्यावर मी चिडलो होतो, तोच कायदा त्या दिवशी डॉक्टरांनी अंगावर घेतला. एकच हात असेल, तर मार खायलाही एकच हात.

आमच्या बँकेत उलटे होते. संध्याकाळी रोकड जास्त निघाली तर ती बँकेची. कमी निघाली तर कॅशियरच्या खिशातून. नफा पाटीला आणि तोटा बोटाला, असा एकूण जगाचा हिशेब आहे. पाटीवाल्याने तोटा स्वतःकडे घेतल्याचे मी तरी त्या दवाखान्यातच पाहिले.

पुढे दोन-तीन वर्षांनी मामांच्या भागातले काही पुढारी त्यांच्याकडे आले. गावाला डॉक्टर नव्हता. ‘मामा, तुम्ही गावात दवाखाना टाका. जागा आमची, खोली बांधून देतो, तुम्हाला सगळं येतंय.’ मामांना खरेच बरेचसे येत होते. त्यांनी नाही म्हटले. मी वाद घातला. म्हटले, ‘मामा, गावात पोरं तापानं फणफणतात, बाळंतिणी बैलगाडीत घालून आणाव्या लागतात. तुम्हाला येतं आणि तुम्ही जात नाही, हे बरं का?’

मामा बराच वेळ पट्ट्या कातरत राहिले. मग म्हणाले, ‘औषध देता येतंय हो साहेब. पण उद्या कुणी बाटली घेऊन आलं, तर “मी दिलंय” म्हणावं लागतंय. ते म्हणायला मागं शिक्षण लागतंय, सरकारदरबारी नाव लागतंय. माझ्याजवळ निस्तं येणं हाय. पाटी काय गुण घ्यायला लावतेत व्हय? दोष कुणाच्या दारात न्यायचा ते लोकांला कळाय पाहिजे, म्हणून लावतेत.’

हे मला पटले, आणि पूर्ण पटलेही नाही. कारण मामांच्या नकारानंतरही पोरे फणफणतच होती. त्या गावात मग दुसराच एकजण गेला. कुठल्याशा दवाखान्यात वर्ष-दीड वर्ष काम केलेला. त्याने पाटीवर नावापुढे चार-पाच इंग्रजी अक्षरे लावली. खोटे कशाला बोलू, त्याने रात्री-अपरात्री उठून माणसे तपासली, काहींना गुणही आला. लोक त्याच्या हाताचे कौतुक करीत. एके दिवशी एक सलाईन अंगाशी आले आणि तो पहाटेच्या एस.टी.ने पाटीसकट नाहीसा झाला. लोक दोष घेऊन दारात आले, तर दाराला कुलूप. गावाला डॉक्टर हवा होता हे खरेच. पण तो गाव ज्याला म्हणता आले असते, ‘तूच दिलंस ना?’ असाही माणूस हवा होता. या दोन गरजांपैकी आधी कुठली, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण मामांना ते ठरवावे लागले, आणि त्याची किंमत म्हणून ते आयुष्यभर खिडकीतच राहिले. डॉक्टरांच्या घरावर दुसरा मजला चढला. मामांचे पत्रे तेच राहिले. डॉक्टर भला माणूस होता म्हणून हा हिशेब सुटत नाही, हेही मी इथे लिहून ठेवतो.

मामांची मुलगी मात्र नर्सिंग शिकली, परीक्षा पास झाली, नोंदणी झाली आणि लातूरला गंजगोलाईजवळच्या एका फॅमिली डॉक्टरांकडे सिस्टर म्हणून लागली. १९९२ साली माझीही बदली लातूरला झाली. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यामुळे पहिला महिनाभर मी रोज वेगळ्याच रस्त्याने तिच्या दवाखान्यापाशी पोहोचत असे. ती मला काका म्हणे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती गेले होते, माणसे दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गेली. उजाडता उजाडता लातुरात ट्रकांतून, ट्रॅक्टरमधून जखमी यायला लागले. त्या दिवशी हातगुण कुणी विचारला नाही. ज्याला जे येत होते ते त्याने केले, आणि ज्याला काहीच येत नव्हते त्याने सलाईनची बाटली उंच धरली. मामांची मुलगी दोन दिवस घरी गेली नाही. नंतर मला म्हणाली, ‘काका, कुणाची नावं कळत नव्हती. मी काय दिलं, किती वाजता दिलं, ते कागदावर लिहायची आणि कागद त्यांच्या अंगावर बांधायची. खाली माझं नाव लिहायची. बाबांनी सांगितलंय, दिलं ते लिही, आणि खाली स्वतःचं नाव लिही.’

एवढ्या गर्दीत त्या कागदावरचे नाव वाचून तिला शाबासकी द्यायला कुणी येणार नव्हते. काही बिघडले असते तर मात्र ते नाव नक्की सापडले असते. ‘मी दिलंय’ म्हणायला जे शिक्षण आणि जी नोंद मामांजवळ नव्हती, ती तिच्याजवळ होती. ती तिने मोठेपणाला वापरली नाही, पत्ता सांगायला वापरली.

आता नांदेड काय आणि लातूर काय, दोन्ही शहरे डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांनी भरली आहेत. मराठवाड्यातूनच नव्हे, बाहेरूनही मुले येतात, खोल्या करून राहतात, ‘नीट’ची तयारी करतात. आनंद आहे. पण कंपाउंडरची खिडकी बुजली. औषध कारखान्यातून पाकिटात बसून येते. मोठ्या रुग्णालयात आपल्याला दहा-बारा हात लागतात आणि एकाही हाताचे नाव आपल्याला कळत नाही. गुण आला तर तो मशीनचा. आणि दोषाचा पत्ता? ऑपरेशनच्या आधी एक छापील कागद पुढे येतो, त्यावर आपणच सही करतो. हे संमतीपत्र खरे तर पेशंटला सगळे सांगून, विचारून पुढे जावे म्हणून आहे, आणि चांगल्या ठिकाणी तसे सांगतातही. पण रात्री दोन वाजता, बायको स्ट्रेचरवर असताना, न वाचता सही ठोकणाऱ्या नवऱ्याला मात्र वाटत असते की ‘औषध मीच दिलंय’ असे आपल्याकडून लिहून घेतायत. त्या वेळी कुणीतरी बाहेर येऊन बाकावर शेजारी बसावे, एवढेच त्याचे मागणे असते.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि लातूरला मुलीकडेच राहतात. मुलीचाही सुईला हलका हात म्हणून लौकिक झाला आहे. परवा एक म्हातारी तिला म्हणाली, ‘बाई, तुझ्या हाताला लई गुण हाय बघ.’

ती हात धूत होती. म्हणाली, ‘हाताला नाही आजी, साबणाला.’

मामांना अलीकडे कमी ऐकू येते. पण एवढे त्यांना बरोबर ऐकू आले.